रोजचा प्रवास छोटा असेल तर प्लग-इन हायब्रिड किती वेळा चार्ज करायची?

नवी प्लग-इन हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिन आणि प्लगला लावून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेली) घरी आली की पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो: रोज रात्री चार्जिंगला लावायची, की बॅटरी पुरती उतरेपर्यंत थांबायचं? मोबाइलबद्दल कधीतरी ऐकलेले सल्ले आठवतात, शोरूममध्ये एक सांगितलेलं असतं आणि ओळखीतले लोक भलतंच सांगतात.

उत्तर आधीच देऊन टाकतो. जाणं-येणं छोटं असेल आणि गाडी उभी राहते तिथे प्लग हाताशी असेल, तर रोज लावा. फक्त चार्जिंग सकाळी निघायच्या जरा आधी संपेल अशी वेळ गाडीत लावून ठेवा. एका चार्जमध्ये दोन-तीन दिवस आरामात निघत असतील तर दिवसाआड लावली तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बॅटरी संपत आलेली असते, घर दोन किलोमीटरवर असतं, तेवढ्यात थंड इंजिन सुरू होतं, चार मिनिटं चालतं आणि गाडी बंद होते. रोज असं होत राहिलं तर पेट्रोल वाया जातं, इंजिनातलं तेल खराब होतं आणि ज्या कामासाठी ही गाडी घेतली तेच होत नाही. म्हणून छोट्या प्रवासाचा नियम मी असा धरतो: इंजिन एक तर अजिबात सुरू होऊ नये, आणि झालंच तर पुरतं तापेपर्यंत चालावं. किती वेळा चार्ज करायची हे त्यावरून ठरतं.

पहिली पायरी: आपल्या गाडीची खरी रेंज काढा

रेंज म्हणजे एका चार्जमध्ये गाडी फक्त विजेवर जाते ते अंतर. प्लग-इन हायब्रिड हे नाव एकच असलं तरी गाड्यांच्या बॅटऱ्यांमध्ये खूप फरक आहे. २०१२ च्या टोयोटा प्रियस प्लग-इनमध्ये ४.४ युनिटची बॅटरी होती आणि ती जेमतेम १८ किलोमीटर पुरायची. (युनिट म्हणजे वीजबिलावरचंच युनिट, एक किलोवॅट-तास.) त्यानंतरच्या प्रियस प्राइममध्ये ८.८ युनिट आणि सुमारे ४० किलोमीटर, २०२३ च्या मॉडेलमध्ये १३.६ युनिट आणि सत्तरच्या आसपास. शेव्हर्ले व्होल्ट २०१० च्या अखेरीस बाजारात आली तेव्हाच तिच्यात १६ युनिटची बॅटरी होती. त्यामुळे दुसऱ्या कुणी ‘मी तीन दिवसांनी लावतो’ असं सांगितलं तर आधी त्याची गाडी कुठली ते विचारा.

कागदावरची रेंज आणि तुमच्या रस्त्यावरची रेंज यांतही अंतर असतं. पडद्यावर दिसणारा आकडा तर निव्वळ अंदाज असतो. गेल्या काही फेऱ्यांत गाडी कशी चालवली त्यावरून ती पुढचा हिशेब मांडते. घाटातून आलात की आकडा खाली, सपाटीवर सावकाश चालवली की वर.

खरी रेंज काढायला वेगळं काही लागत नाही. बॅटरी पूर्ण भरली की ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमीसारखी गाडी चालवा, मुद्दाम हळू नको आणि कुणाला दाखवायला म्हणून वेगातही नको. ज्या क्षणी इंजिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हाचे किलोमीटर लक्षात ठेवा आणि थांबल्यावर लिहून घ्या. तीन-चार वेळा असं केलं की आकडे हाती येतात. त्यांतला सरासरीचा नव्हे, सगळ्यात कमी आकडा धरा. सरासरी धरली तर निम्म्या वेळा तुम्ही तिच्या खालीच असणार, आणि नेमकं तेव्हाच घराजवळ इंजिन सुरू होणार.

दुसरी पायरी: रोजचे किलोमीटर मोजा, ऑफिसचेच नव्हे

लोक घर ते ऑफिस हे अंतर सांगतात आणि तिथेच थांबतात. मुलांना सोडणं-आणणं, संध्याकाळची खरेदी, मध्येच दवाखान्याची चक्कर, हे सगळं त्याच बॅटरीतून जातं. आठवडाभर रोज रात्री ओडोमीटरचा (गाडीचे एकूण किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा टिपून ठेवा. दोन दिवस हमखास बाकीच्यांपेक्षा वेगळे निघतात, आणि तेच दिवस माहीत असणं कामाचं असतं.

मग साधं गणित. खरी रेंज घ्या, तिच्यातला पाव भाग बाजूला ठेवा, उरलेल्याला रोजच्या किलोमीटरने भागा.

समजा खरी रेंज ४५ किलोमीटर आहे आणि रोज १२ किलोमीटर होतात. पाव भाग काढला की साधारण ३४ उरतात. भागिले १२ म्हणजे पावणेतीन. अपूर्णांक सोडून द्या: दोन. अर्थात दिवसाआड चार्जिंग पुरतं. रोजचे २० किलोमीटर असतील तर उत्तर दोनच्या खाली येतं, म्हणजे रोज लावायला हवी. उत्तर एकच्याही खाली आलं तर रात्रीच्या चार्जिंगबरोबर कामाच्या ठिकाणीही प्लग शोधावा लागेल, किंवा पुढे सांगितलेला मोड बदलायचा उपाय करावा लागेल.

पाव भाग बाजूला कशासाठी, असं कुणी विचारेल. बॅटरी शून्यावर येण्याची वाट न पाहताही इंजिन सुरू होऊ शकतं. चढावर पाय जोरात दाबला, हीटर लावला, बाहेर कडाक्याची थंडी असली, की बऱ्याच गाड्या इंजिनाची मदत घेतात. बॅटरी जितकी खाली, तितक्या लवकर. अचानक एखादं काम निघालं तरी तो पाव भाग हाताशी राहतो.

प्रत्येक वेळी प्लग लावला की बॅटरीचं आयुष्य कमी होतं का?

नाही, आणि या गैरसमजापायी लोक इतकं नुकसान करून घेतात की इथे जरा थांबायला हवं.

बॅटरीचं आयुष्य ‘सायकल’मध्ये मोजतात हे खरं. पण सायकल म्हणजे प्लग लावण्याची एक वेळ नव्हे. एकूण शंभर टक्के वीज वापरून झाली की एक सायकल होते. वरच्या उदाहरणात रोज सुमारे २७ टक्के बॅटरी वापरली जाते. रोज भरली तरी चार दिवसांत साधारण एक सायकल होते, आणि शक्य असतं तर चार दिवसांनी एकदाच भरूनही तेवढीच झाली असती. चार्जिंग पुढे ढकलून सायकल वाचत नाहीत. उलट या गाड्यांतल्या लिथियम-आयन बॅटरीच्या सेलना उथळ वापर मानवतो. पूर्ण भरून पूर्ण रिकामं करण्यापेक्षा थोडं वापरून थोडं भरणं त्यांना कमी झिजवतं. बॅटरी अधूनमधून पार रिकामी करावी हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. या गाड्यांना तो लागू नाही.

मग दुसरी बाजू कोणती? लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवली तरी वयाने झिजते, आणि ही झीज दोन गोष्टींनी वाढते: बॅटरी भरलेली असणं आणि ती गरम असणं. दोन्ही एकत्र आलं तर सगळ्यात वाईट. म्हणजे संध्याकाळी घरी येताच तापलेली गाडी लावली, नऊ वाजता ती पूर्ण भरली आणि नंतर दोन दिवस उन्हात तशीच उभी राहिली, हे टाळण्यासारखं आहे. पण यावरचा उपाय म्हणजे चार्जिंगची वेळ बदलणं. चार्जिंगच कमी करायची गरज नाही.

शिवाय गाडी बनवणाऱ्यांनी आधीच काळजी घेतलेली असते. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरीचा बराच भाग चालकाच्या वापरासाठी खुला ठेवतच नाहीत. पहिल्या व्होल्टच्या १६ युनिटपैकी दहाच्या आसपासच वापरायला मिळायचे. पडद्यावर शंभर टक्के दिसतं तेव्हा आतले सेल खरोखर शंभरावर नसतात, आणि शून्य दिसतं तेव्हा रिकामेही नसतात. विजेवरच्या मोठ्या गाड्यांसाठी ऐकलेला, बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरायचा नियम इथे आंधळेपणाने लावू नका. छोट्या बॅटरीतले २० टक्के सोडून दिले आणि त्यामुळे इंजिन सुरू झालं, तर मिळवलं त्यापेक्षा जास्त गमावलं. गाडीत मर्यादा ठेवायची सोय असेल आणि रोजचं अंतर ८० टक्क्यांत आरामात बसत असेल, तर खुशाल ठेवा.

काही प्लग-इन हायब्रिड गाड्यांमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे किती टक्के उरली हे गाडीला अचूक ओळखता येत नाही. अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण भरावी लागते, म्हणजे गाडीचा अंदाज पुन्हा जागेवर येतो. आपली बॅटरी कुठल्या प्रकारची आहे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

तिसरी पायरी: वेळ लावा

बहुतेक गाड्यांमध्ये दोन प्रकारांपैकी एक सोय असते. एकात तुम्ही निघायची वेळ सांगता आणि चार्जिंग कधी सुरू करायचं ते गाडी ठरवते. दुसऱ्यात फक्त चार्जिंग सुरू व्हायची वेळ देता येते. पहिली सोय असेल तर प्रश्नच मिटला. दुसरी असेल तर हिशेब तुम्ही करायचा.

पुन्हा तेच उदाहरण. वापरता येणारी बॅटरी १० युनिटची आणि रेंज ४५ किलोमीटर, तर १२ किलोमीटरला सुमारे पावणेतीन युनिट लागतात. चार्जिंग होताना थोडी वीज उष्णतेत आणि गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेत जाते, म्हणून भिंतीतून तीनपेक्षा थोडे जास्त युनिट ओढले जातात. २३० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर १० अँपियरने २.३ किलोवॅट मिळतात, म्हणजे काम सव्वा-दीड तासात होतं. १२० व्होल्टची वीज असलेल्या देशांत १२ अँपियरने १.४ किलोवॅटच मिळतात. तिथे सव्वादोन तास धरा. सकाळी आठला निघायचं तर पहिल्या ठिकाणी साडेपाचला आणि दुसऱ्या ठिकाणी साडेचारला चार्जिंग सुरू झालं तरी पुरे. मध्ये वीज गेली तर म्हणून एक तास हातचा ठेवायचा.

रात्री उशिरा चार्जिंग करण्याचे आणखी दोन फायदे आहेत. दिवसभर तापलेली बॅटरी तोवर निवलेली असते. आणि वेळेनुसार विजेचा दर बदलत असेल तर बऱ्याच ठिकाणी पहाटेचा दर कमी असतो.

प्लग मात्र घरी आल्या आल्या लावून टाका. टायमर लावलेला असताना प्लग आधीच जोडलेला असला तर काही बिघडत नाही, आणि ‘झोपायच्या आधी लावू’ म्हटलेलं राहून जातं हे सगळ्यांना माहीत आहे. सवय हाताला लागावी लागते: गाडी बंद, केबल जोडा, मग दार. टायमर खरोखर धरला गेला का हे गाडीवरच्या किंवा चार्जरवरच्या दिव्यावरून कळतं. चार्जिंग चालू असताना आणि वेळेची वाट पाहताना त्याचा रंग किंवा लुकलुकणं वेगळं असतं. पहिले काही दिवस तेवढं बघूनच आत जा.

चौथी पायरी: सॉकेट तपासा

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. मिक्सर किंवा इस्त्री थोडा वेळ चालते. गाडी मात्र त्याच सॉकेटमधून तासन्‌तास सलग १० अँपियर ओढते. जुनं, सैल झालेलं सॉकेट एरवी वर्षानुवर्षं त्रास देत नाही आणि गाडी लावली की तापायला लागतं.

पहिल्यांदा लावाल तेव्हा अर्ध्या तासाने परत या. प्लगच्या पाठीवर आणि सॉकेटच्या पट्टीवर हात ठेवा. किंचित कोमट लागलं तर ठीक. हात ठेवता येत नाही इतकं गरम, प्लास्टिक पिवळट पडलेलं, पिनांवर काळे डाग किंवा जळका वास, यांपैकी काहीही आढळलं तर आधी चार्जिंग थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर केबलच्या डब्यावर करंट कमी करायची सोय असली तरी तिच्या भरवशावर राहू नका.

एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही. केबल पोचत नसेल तर सॉकेट सरकवून घ्या. अर्थिंग नीट हवं, त्या लाइनवर शक्यतो दुसरं काही नको, आणि गळती झाली तर वीज तोडणारा ब्रेकर हवा. अर्थिंग नसेल तर बऱ्याच केबल चार्जिंग सुरूच करत नाहीत. तो केबलचा दोष नसतो, ती तुम्हाला वाचवत असते. अडॅप्टर लावून तिला फसवू नका.

भिंतीवरचा वेगळा चार्जर घ्यायचा का? छोट्या प्रवासासाठी त्याची निकड नसते. घेणारच असाल तर आधी आपल्या गाडीतला चार्जर किती किलोवॅटचा आहे ते बघा. बऱ्याच प्लग-इन हायब्रिड गाड्या ३.३ ते ३.७ किलोवॅटच्या वर घेतच नाहीत, तिथे ७ किलोवॅटचा डबा लावून गाडी जास्त वेगाने भरत नाही. पक्कं, नीट बसवलेलं कनेक्शन आणि रोज केबल गुंडाळायचा त्रास वाचणं, हा त्याचा खरा फायदा.

एक बारकावा: चार्जिंग चालू असताना गाडीचे कॉम्प्युटर आणि काही गाड्यांमध्ये पंप जागे असतात, आणि तेवढी वीज वेळेच्या हिशेबाने जातच राहते. म्हणून ६ अँपियरवर हळूहळू भरण्यापेक्षा सॉकेट धड असेल तर १० अँपियरवर भरणं थोडं किफायतशीर ठरतं.

इंजिनाचं काय?

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन धुरांड्यातून निघून जातं. थंड इंजिनात त्यातलं काही आतच निवून थेंब होतं, सायलेन्सरमध्ये आणि तेलात. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावं लागतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरतं आणि तेल पातळ करतं. धुरातले विषारी वायू मोडणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. चार मिनिटांच्या फेरीत यांतलं काहीच ताळ्यावर येत नाही. वीस-तीस मिनिटं सलग चाललं की पाणी आणि पेट्रोल दोन्ही तेलातून उडून जातं. काट्याने तापमान ठीक दाखवलं म्हणजे तेल तापलं असं समजू नका. काटा कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) असतो आणि तेल त्याच्या मागून तापतं.

चार्जिंग किती वेळा, याचं उत्तर म्हणूनच इंजिनाकडून येतं असं मी म्हणतो.

आता अंतर रेंजपेक्षा थोडं जास्त आहे असं धरा. एखाद्या दिवशी ६० किलोमीटर होणार आहेत आणि बॅटरी ४५ ची. काहीच केलं नाही तर बॅटरी आधी संपेल आणि शेवटचे १५ किलोमीटर शहराच्या गर्दीत थांबत-थांबत थंड इंजिनावर जातील. त्याऐवजी मोकळा, वेगाचा रस्ता लागला की बॅटरी राखून ठेवणारा मोड लावा. कुठे त्याला ‘सेव्ह’ म्हणतात, कुठे ‘होल्ड’. वीस-पंचवीस किलोमीटर इंजिनाला सलग चालू द्या, ते नीट तापेल, आणि गर्दीत शिरलात की पुन्हा विजेवर या. पेट्रोल जाळून बॅटरी भरणारा ‘चार्ज’ मोडही असतो. त्यात पेट्रोलची वीज आणि विजेची पुन्हा गती होते, दोन्हीकडे नुकसान. घरी प्लग असताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि सगळंच विजेवर निघत असेल तर? तर महिन्यातून एकदा लांबची फेरी करा आणि त्यात अर्धा तास इंजिन चालू ठेवा. काही गाड्या हे स्वतःच करतात. व्होल्टमध्ये सहा आठवडे इंजिन चाललं नाही तर गाडी ते थोडा वेळ चालवू का असं विचारायची, आणि टाकीतलं पेट्रोल सरासरी वर्षभर जुनं झालं की ते संपवायला लावायची. पेट्रोल शिळं होतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्यात चिकट पदार्थ तयार होऊ लागतात. म्हणून महिनोन्‌महिने विजेवरच फिरणाऱ्यांनी टाकी काठोकाठ भरून ठेवू नये, अर्धी पुरे. मॅन्युअलमध्ये ठरावीक मुदतीत पेट्रोल भरायला सांगितलं असेल तर ते पाळा.

तेल बदलायचं ते किलोमीटरवर नाही, मुदतीवर. इंजिन वर्षभरात हजार किलोमीटरच चाललं म्हणून सर्व्हिस पुढे ढकलू नका.

थंडी आणि ऊन

छोट्या प्रवासात रेंज खाण्यात हीटरचा पहिला नंबर. गार पडलेली केबिन तापवताना तो ४ किलोवॅट घेत असेल तर पंधरा मिनिटांत एक युनिट गेलं, म्हणजे चार-पाच किलोमीटर. तुमचा प्रवासच सहा किलोमीटरचा असेल तर हा आकडा किती मोठा आहे ते बघा. उपाय असा की प्लग लावलेला असतानाच, निघायच्या आधी केबिन गरम किंवा गार करून घ्यायची. ती वीज मग भिंतीतून येते. रस्त्यात सीटचा आणि स्टीअरिंगचा हीटर वापरा, ते शंभर वॅटच्या आसपासच घेतात.

काही गाड्यांमध्ये विजेवरचा हीटर नसतोच. हीटर लावला की इंजिन सुरू होतं. अशी गाडी असेल तर कडक हिवाळ्यात पाच किलोमीटरच्या फेरीत विजेवर जाणं कठीण होतं, आणि त्या काळात दोन-तीन कामं एकाच फेरीत जोडून घेणं हाच खरा उपाय आहे.

थंडीत दिवसाआडवरून रोजवर या. रेंज कमी झालेली असते, म्हणून दुसऱ्या पायरीतलं गणित पुन्हा करायला हवं. चार्जिंग पहाटे संपलं तर बॅटरी जराशी उबदारही असते.

उन्हाळ्यात सावली शोधा. सावली नसेल तर निदान भरलेली गाडी दिवसभर उन्हात उभी राहू नये एवढं बघा. काही गाड्यांची बॅटरी हवेने थंड होते, काहींची द्रवाने. हवेने थंड होणाऱ्यांना हे जास्त लागू. त्यांच्या बॅटरीची हवा आत घेणारी जाळी बऱ्याचदा मागच्या सीटजवळ असते, तिच्यावर पिशव्या ठेवू नका.

गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर

चार-पाच दिवसांसाठी विचार करायची गरज नाही. दोन-तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी अर्धी ठेवून जा, भरलेली नको आणि रिकामी तर नकोच. १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीकडेही लक्ष हवं. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही उतरली तर गाडी सुरूच होत नाही. परत आल्यावर आधी पूर्ण चार्ज करा आणि पहिल्या दोन-तीन ब्रेकना जरा जोर द्या, कारण या गाड्यांत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते आणि ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो.

बाहेरच्या चार्जरवर लावायची का?

फुकट किंवा स्वस्त असेल आणि गाडी तिथे तशीही तासभर उभी राहणार असेल तर लावा. पैसे मोजून लावायची तर आधी भागाकार करा. हायब्रिड म्हणून गाडी एका लिटरमध्ये १६ किलोमीटर जाते आणि भिंतीतल्या एका युनिटवर ४, तर एक लिटर म्हणजे चार युनिट. युनिटचा दर लिटरच्या दराच्या पाव भागापेक्षा जास्त असेल तर त्या चार्जिंगने पैसे वाचत नाहीत. तुमच्या गाडीचे आकडे घालून हा हिशेब एकदाच करून ठेवा. आणि बॅटरी भरली की गाडी हलवा. तुमच्याकडे इंजिन आहे. मागे उभ्या असलेल्या पूर्ण विजेवरच्या गाडीकडे नाही.

घरी प्लगच नसेल तर

इथे स्पष्ट बोलायला हवं. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला, त्यात २०२१ साली नोंदणी झालेल्या गाड्यांनी रस्त्यावर स्वतःच नोंदवलेला इंधनखर्च तपासला होता. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. कारण हेच की चाचणीत गृहीत धरलं होतं तितक्या वेळा लोक त्या चार्ज करत नव्हते. चार्ज न होणारी प्लग-इन हायब्रिड ही जड बॅटरी वाहणारी पेट्रोल गाडी होते. रोज किंवा दिवसाआड लावायची सोय होणार नसेल तर कामाच्या ठिकाणी प्लग मिळतो का ते आधी पक्कं करा, शक्यतो गाडी घेण्यापूर्वी.

महिन्याभराने काय बघायचं

बऱ्याच गाड्या एकूण अंतरापैकी किती विजेवर गेलं ते पडद्यावर किंवा ॲपमध्ये दाखवतात. छोट्या फेऱ्यांत इंजिन किती वेळा सुरू झालं, याकडे जास्त लक्ष द्या. आठवड्यातून एक-दोनदाही होत असेल तर ते केव्हा होतं ते शोधा. नेहमी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होत असेल तर दिवसाआड सोडून रोज लावा. सकाळीच होत असेल तर हीटर किंवा टायमर बघा. चढावर होत असेल तर तिथे पाय हलका ठेवा, नाही जमलं तर त्या दिवशी बॅटरी भरून निघा. काहीच होत नसेल आणि रात्री बॅटरी नेहमी निम्म्याच्या वर असेल, तर दिवसाआड लावून बघा. मोसम बदलला, नोकरीची जागा बदलली, घरातल्या मुलांची शाळा बदलली, की आठवडाभर पुन्हा ओडोमीटर टिपा आणि तोच भागाकार नव्याने करा.